साखरपुडा, जुना मित्र आणि परत न मागितलेली किल्ली: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्यातल्या विवाहपूर्व समुपदेशनातलं आहे. दोघांच्या संमतीने लिहिताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं वापरलेली नाहीत. मुलगी, मुलगा आणि मित्र, एवढीच ओळख पुरेशी आहे.

पार्श्वभूमी

मुलगी 27 वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, मूळची नाशिकची, कोथरूडला मावशीकडे राहणारी. मुलगा 30 वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. पिंपळे सौदागरला त्याचा भाड्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता. स्थळ नात्यातून आलं. फेब्रुवारीत बघण्याचा कार्यक्रम झाला, मार्चमध्ये बैठक आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास साखरपुडा. चातुर्मासात लग्न नको असं दोन्ही घरांचं म्हणणं होतं, शिवाय हवा तो हॉल जूनमध्ये मिळत नव्हता. म्हणून तुळशीच्या लग्नानंतरचा, मार्गशीर्षातला मुहूर्त ठरला. साखरपुडा आणि लग्न यांत सात महिने गेले. एरवी ओळख वाढवायला हा काळ चांगला, पण ठरलेलं असतं आणि झालेलं नसतं, म्हणून तिसऱ्या माणसाच्या शब्दालाही याच काळात फार वजन येतं.

मित्र मुलाच्या हॉस्टेलमधला. नोकरीनिमित्त दोघं पुण्यात आले आणि सहा वर्षं एकाच फ्लॅटमध्ये राहिले. स्थळं पाहायला सुरुवात झाल्यावर मित्र वाकडला वेगळा राहायला गेला, पण फ्लॅटची किल्ली त्याच्याकडेच राहिली. त्याने नोकरी सोडून जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं काम सुरू केलं होतं आणि ते नीट चालत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याचा स्वतःचा ठरलेला विवाह मोडला होता.

आणखी एक गोष्ट मुलीला साखरपुड्यापर्यंत कोणी सांगितली नव्हती. आठ वर्षांपूर्वी मुलाच्या वडिलांची मिरजेत बायपास झाली, तेव्हा या मित्राने चार ठिकाणांहून 70,000 रुपये उभे केले आणि अकरा रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात काढल्या. पैसे वर्षभरात फिटले. उपकार फिटला असं मात्र मुलाच्या घरात कोणालाच वाटत नव्हतं. मुलाची आई आजही त्याला ‘माझा दुसरा मुलगा’ म्हणते.

साखरपुड्यानंतरचे तीन महिने

आधी फोन. मुलाची पहिली पाळी सकाळी साडेसहाची, त्यामुळे दोघांना बोलायला रात्री साडेनऊ ते साडेदहा एवढाच वेळ मिळे. त्याच तासात मित्राचा फोन येई, आणि मुलगा ‘दोन मिनिटं थांब’ म्हणून तिचा फोन ठेवत असे. ती दोन मिनिटं अर्ध्या तासाची होत.

जूनमध्ये मुलगी आईला घेऊन पडद्यांची मापं घ्यायला फ्लॅटवर गेली. हॉलमध्ये मित्र आणि त्याचे दोन ओळखीचे झोपलेले होते. मुलाला ते तिथे आहेत हे माहीत होतं. तो सांगायला विसरला होता.

जुलैत पाच-सहा जण ताम्हिणीला गेले. गाडीत मित्र म्हणाला, “वहिनी, आमच्या भावाला दोन वर्षं कोणी रडवलं होतं, ते सांगितलं का याने?” मुलाचं आधी कुठेतरी जमलं होतं, एवढंच मुलीला ठाऊक होतं. ते दोन वर्षं चाललं आणि दोन्ही घरांपर्यंत पोहोचलं होतं, हे तिला त्या गाडीत, चार लोकांदेखत कळलं.

आणि मग मेसेज. जुलैच्या शेवटी, रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मित्राने तिला थेट लिहिलं: ‘वहिनी, तो तुम्हाला सांगणार नाही, पण त्याला लग्नाची घाई नव्हती. घरच्यांनी मागे लागून केलंय. तुम्ही चांगल्या आहात म्हणून सांगतोय.’ सोबत मुलाच्या चॅटचा स्क्रीनशॉट होता. त्यात मुलाचं वाक्य होतं: ‘मला आत्ता लग्न नकोच आहे यार.’

मुलीने हे मुलाला नऊ दिवस विचारलं नाही. तिने दादाला दाखवलं. दादाने लग्न जमवणाऱ्या काकांना फोन केला, काकांनी मुलाच्या वडिलांना. दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारायच्या आत ‘मुलाची मर्जी होती की नव्हती’ या प्रश्नावर दोन्ही घरं बोलू लागली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, मावशीच्या आग्रहावरून, दोघं समुपदेशनाला आले.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या दिवशी दोघांशी वेगवेगळं, प्रत्येकी 45 मिनिटं बोलणं झालं. मुलीचं वाक्य होतं, “तो माणूस मला नको आहे.” मुलाचं होतं, “तो मनाने वाईट नाही.” दोघंही मित्राबद्दल बोलत होते. पुढच्या भेटीत त्यांना एक कागद दिला. त्यावर तीन रकाने: काय घडलं, कोणासमोर घडलं, आणि घडण्याआधी मुलाला त्याची कल्पना होती का. तारखा आठवून दोघांनी मिळून 14 घटना लिहिल्या. तिसऱ्या रकान्यात नऊ ठिकाणी ‘हो’ आलं.

प्रकरण तिथे वळलं. मित्राचं वागणं त्रासाचं होतंच, पण मुलीचा विश्वास मित्राने फार थोडा हलवला होता. मुलाने आधी सांगायच्या राहिलेल्या नऊ गोष्टींनी तो जास्त हलवला होता. मित्राला खिंडार पाडावंच लागलं नाही, ते आधीपासून होतं.

स्क्रीनशॉटचंही तसंच. आम्ही मुलाला पूर्ण चॅट उघडून तारखेसह दाखवायला सांगितलं. ते वाक्य जानेवारीतलं होतं, स्थळ पाहण्याच्या आधीचं. तारीख कापलेली होती. कापलेला स्क्रीनशॉट आला तर वाद घालण्याआधी मूळ संवाद दहा ओळी मागे-पुढे आणि तारखेसकट पाहायचा, हे साधं पाऊल नऊ दिवस आणि दोन कुटुंबांचे फोन वाचवू शकलं असतं.

मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबातल्या त्रिकोणाची कल्पना मांडली. दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, आणि मूळचा ताण तसाच राहतो. इथे असे दोन त्रिकोण होते. मुलगा उपकाराचा ताण मित्राशी न बोलता मुलीच्या सहनशक्तीवर टाकत होता, आणि मुलगी संशयाचा ताण मुलाशी न बोलता दादावर.

मित्राची बाजूही कागदावर लिहिली. सहा वर्षांचं घर गेलं, रात्री बोलायचं माणूस गेलं, स्वतःचं ठरलेलं मोडलेलं, धंदा बसलेला. त्याला हे लग्न मोडायचं होतं असं आम्हाला वाटलं नाही. आपली जागा अजून आहे का, हे तो पुन्हापुन्हा चाचपत होता. याने त्याचं वागणं माफ होत नाही, पण त्याच्याशी कसं बोलायचं हे यावरून ठरतं.

समोर असलेले पर्याय

दादाचा आग्रह होता की मित्राशी संबंध तोडावेत, लग्नाला बोलावूच नये. हे लगेच जमलं असतं आणि दोन-तीन महिने शांतता मिळाली असती. पण मिरजेच्या अकरा रात्रींचं ओझं मुलाच्या मनात तसंच राहिलं असतं आणि ‘हिच्यामुळे तुटलं’ अशी नोंद कायमची झाली असती. मुलाच्या आईने ती नोंद नक्की ठेवली असती.

मुलाच्या आईचं म्हणणं, लग्न झालं की आपोआप कमी होईल. आम्ही हे ठामपणे नाकारलं. किल्ली, मित्राला दिले जाणारे उसने पैसे आणि रात्रीचे फोन लग्नाच्या तारखेने थांबत नाहीत. त्यांना कोणीतरी थांबवावं लागतं.

काकांनी स्वतः मित्राला बोलावून समज द्यायची तयारी दाखवली. मोठ्यांनी झापलं की तरुण माणूस अपमान लक्षात ठेवतो, म्हणून तेही नको ठरलं. लग्न पुढे ढकलण्याचा विचार मुलीच्या मनात खरोखर होता. हॉलचे आगाऊ 75,000 भरलेले होते, ते परत मिळणार नव्हते. तरीही आम्ही तिला सांगितलं की पैशासाठी हा पर्याय पुसू नका, ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत तो खुला ठेवा. या एका वाक्याने तिची घाई गेली आणि ती ऐकू लागली.

उरला शेवटचा पर्याय: मुलाने स्वतः, एकट्याने मित्राशी बोलायचं. मैत्री ठेवायची, पण तिच्या सीमा आखायच्या. हाच निवडला.

मित्राशी बोलणं

आधी दोघांचं आपसात ठरलं. मित्राकडून कुठलीही मागणी आली, मग ती राहण्याची असो, पैशाची असो की गाडीची, तर मुलाचं उत्तर एकच: “उद्या सांगतो.” त्या रात्री दोघांनी बोलायचं, आणि नकार द्यायचा ठरला तर तो मुलाने स्वतःच्या नावावर द्यायचा. ‘तिला चालत नाही’ हे शब्द वापरायचे नाहीत. यावर आम्ही जवळजवळ एक पूर्ण भेट खर्च केली, कारण मुलाने तोवर तीनदा हेच केलं होतं. होणाऱ्या बायकोच्या आड उभं राहून नकार दिला की मित्राचा राग तिच्याकडे वळतो. मध्यरात्रीचा तो मेसेज तिलाच का आला, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

बोलण्यासाठी सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी दहाची वेळ घेतली, जागा वर्दळीचं उडुपी हॉटेल. रात्र नको, फ्लॅट नको, दारू अजिबात नको आणि फोनवरही नको. वेळ साधारण 40 मिनिटं. मुलाने चार गोष्टी लिहून पाठ केल्या होत्या:

मिरजेला तू अकरा रात्री थांबलास, ते मी विसरणार नाही.
फ्लॅटची किल्ली मला आज परत हवी आहे. यायचं असेल तर आधी फोन कर.
तिला थेट मेसेज करायचा नाही. माझ्याबद्दल काही म्हणायचं असेल तर मला म्हण.
रात्री साडेनऊ ते साडेदहा मी फोन घेणार नाही. रविवारी सकाळी आपण भेटत जाऊ.

चौथ्या वाक्याचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. नुसतं काढून घेतलं आणि काही दिलं नाही, तर समोरच्याला ती हकालपट्टी वाटते.

मित्राला दिलेल्या उसन्या पैशाचा विषय आठवड्याने, वेगळ्या भेटीत काढायचा असं ठरलं होतं. मुलाने तो त्याच दिवशी, किल्ली हातात आल्यावर काढला. मित्र चहा अर्धा टाकून उठला. “बायको यायच्या आधीच बदललास,” एवढंच म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस

सीमा आखली की वागणं आधी बिघडतं, मग निवळतं. ही कल्पना दोघांना दिलेली होती, म्हणून ते टिकले. मित्राने दोन दिवसांत मुलीला सहा फोन केले. तिने एकदाच उत्तर पाठवलं: ‘याबद्दल त्याच्याशी बोला.’ स्पष्टीकरण नाही, राग नाही, दुसरा मेसेज नाही.

मुलाच्या आईला मात्र कोणी तयार केलं नव्हतं. मित्राने “काकू” म्हणून तिला फोन केला आणि रडला. आईने मुलाला सुनावलं, मुलाने दोन दिवस मुलीशी धड बोलणं टाळलं, आणि सगळं जुन्या वळणावर जाऊ लागलं. शेवटी मुलगा रजा घेऊन गावी गेला आणि आईसमोर तो 14 घटनांचा कागद ठेवला. आईने तो दोनदा वाचला. तिला फ्लॅटमधला प्रकार माहीतच नव्हता, आणि विहीणबाईंसमोर तसं घडलं याची तिला खूप लाज वाटली.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. हे प्रकरण त्रासाचं होतं, धोक्याचं नव्हतं. मित्राने धमकी दिली असती, खासगी फोटो पाठवायची भाषा केली असती किंवा नकारानंतरही मुलीचा पाठलाग चालू ठेवला असता, तर आम्ही समेटाचा मार्ग सुचवलाच नसता. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. अशा वेळी मेसेज पुसायचे नाहीत, तारीख दिसेल असे जपून ठेवायचे आणि 112 किंवा महिलांसाठीच्या 181 वर मदत मागायची. ऑनलाइन प्रकार असेल तर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रारही करता येते.

पैशाचा हिशेब

मुलाला आकडा ‘पन्नास-साठ हजार’ वाटत होता. बँकेचं तीन वर्षांचं विवरण काढून मित्राच्या नावापुढच्या नोंदी वेगळ्या केल्या, तर 23 नोंदी आणि 1,46,500 रुपये निघाले. शिवाय मुलाच्या क्रेडिट कार्डावर मित्रासाठी घेतलेला लॅपटॉप, 4,700 रुपयांचे 18 हप्ते. आठ हप्ते गेलेले, त्यातले पहिले चार मित्राने दिले, जूनपासूनचे चार मुलाने भरले. म्हणजे आणखी 18,800. एकूण येणं 1,65,300 आणि पुढचे दहा हप्ते 47,000. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि दोघं मिळून गृहकर्ज घ्यायचा विचार करत होते.

त्यातच मित्राने चार लाखांच्या कर्जाला जामीन राहायला सांगितलं होतं. मुलाच्या मनात ही ‘फक्त एक सही’ होती. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक सरळ जामीनदाराकडे वसुलीला येऊ शकते. ती जबाबदारी जामीनदाराच्या क्रेडिट अहवालातही दिसते आणि त्याच्या गृहकर्जाची रक्कम ठरवताना धरली जाऊ शकते. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो दोघांनी लग्नाआधी एकमेकांना दाखवावा, असं आम्ही आता सगळ्यांनाच सांगतो. मुलाने जामिनाला नकार दिला, स्वतःच्या नावावर.

उसन्या पैशाच्या दाव्याची मुदत सामान्यतः पैसे दिल्यापासून तीन वर्षं असते. त्याच्या जुन्या नोंदी त्या रेषेच्या जवळ आल्या होत्या. मुदत संपण्याआधी कर्जदाराने सही करून लेखी कबुली दिली तर ती नव्याने मोजली जाते. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोघा मित्रांनी एका पानावर रक्कम, तारीख आणि सह्या केल्या. लॅपटॉपचा हप्ता दर महिन्याच्या 2 तारखेपर्यंत मित्राने पाठवायचा आणि मागचे पैसे महिना 5,000 प्रमाणे फेडायचे, असं त्यावर लिहिलं. दावा करायचा कोणाचाच इरादा नव्हता. पण कागद झाल्यावर दोघांचं बोलणं सुधारलं. आकडा ठरला की टोमणे कमी होतात, हे आम्ही इतर प्रकरणांतही पाहिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

आमची चूक आधी. पैशाबद्दल आम्ही तिसऱ्या भेटीत विचारलं. ते पहिल्याच भेटीत, दोघांना वेगवेगळं विचारायला हवं होतं. मित्र, भाऊ, मामेभाऊ, कोणाला किती दिले, कोणासाठी कार्ड वापरलं, कुठे जामीन आहात, हे तीन प्रश्न आता पहिल्या भेटीच्या कागदावर आहेत. आमची दुसरी चूक मुलाच्या आईबाबतची. उपकार कुटुंबावर असतो तेव्हा मित्राशी बोलण्याआधी आई-वडिलांना कल्पना देणं मुलाचं काम असतं, आणि ते करून घेणं आमचं. तसं झालं असतं तर ते पंधरा दिवस चार दिवसांत आटोपले असते.

मुलाने जुनं नातं साखरपुड्याआधी पूर्ण सांगायला हवं होतं. सगळे तपशील नकोत. किती काळ, घरापर्यंत गेलं होतं का, आता संपर्क आहे का, एवढं पुरतं. मुलीने मेसेज आधी मुलाला दाखवायला हवा होता. तिने दादाकडे जाणं समजण्यासारखं आहे, अनोळखी घरात जायचं असतं तेव्हा माणूस रक्ताच्या नात्याकडेच वळतं. दादाने मात्र काकांना फोन लावण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता: तू त्याला विचारलंस का?

एका मुद्द्यावर आमच्यातच एकमत नाही. मित्राला एकदा तरी समुपदेशनाला बोलवायला हवं होतं का? एका सहकाऱ्याच्या मते हो, त्याचं एकटेपण खरं होतं. आम्ही त्याला मुलाकरवी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक पोहोचवला, पण तिघांना एका खोलीत बसवलं नाही. लग्न ठरलेल्या जोडप्याच्या खोलीत तिसरी खुर्ची टाकली की त्याची जागा पक्की होते, अशी धास्ती होती. ती धास्ती बरोबर होती की नाही, यावर आजही वाद होतो.

नंतर

लग्न ठरल्या दिवशी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. मित्र अक्षतांना आला, कॉलेजच्या मुलांमध्ये बसला, जेवून गेला. वरातीत नव्हता. मुलाच्या आईने त्याला आहेराचा शर्ट दिला. मुलीनेच तो रंग निवडला होता, असं तिने पुढे सांगितलं.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या पाठपुराव्यापर्यंत लॅपटॉपचे दहाही हप्ते मित्राने दिले होते, त्यातले दोन उशिरा. मागच्या रकमेपैकी तीनदा मिळून 15,000 आले. 1,50,300 बाकी आहेत. दोघांनी ती रक्कम घराच्या हिशेबात धरायचं सोडून दिलं आहे, आली तर आली. रविवारच्या भेटी महिन्यातून एकीवर आल्या आहेत. मुलीचं आणि मित्राचं अजूनही फारसं बोलणं नाही, आणि ते व्हावं असा आग्रह कोणी धरत नाही.

पाठपुराव्याच्या आदल्या दिवशी मित्राने फोन करून विचारलं होतं, “यंदा तुमच्याकडे गणपती बसतोय ना? दोन दिवस राहायला येऊ का?” मुलगा म्हणाला, “उद्या सांगतो.” भेटीला दोघं आले तेव्हा उत्तर अजून ठरलं नव्हतं. आरतीला यावं, राहायला नको, असं तिचं मत. एक रात्र चालेल, असं त्याचं. आमच्यासमोर ते वीस मिनिटं यावरच बोलत होते, आणि आम्हाला मध्ये बोलावं लागलं नाही.